गुन्हेकथेतील द्विध्रुवी विकारग्रस्त तपासनीस

गुन्हेकथेतील द्विध्रुवी विकारग्रस्त तपासनीस हा आधुनिक रहस्यकादंबरी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका यांत आढळणारा एक पात्रप्रकार आहे. या प्रकारच्या कथेत गुन्ह्याचा किंवा कटाचा शोध घेणारी व्यक्ती स्वतः द्विध्रुवी भावविकारासह जगत असते. या विकाराला व्यवहारात बायपोलर डिसऑर्डर किंवा नुसते ‘बायपोलर’ असे म्हटले जाते. अमेरिकन लेखिका ॲबिगेल पॅजेट यांच्या कादंबऱ्यांतील बो ब्रॅडली आणि ‘होमलँड’ या मालिकेतील कॅरी मॅथिसन ही या प्रकारातील ठळक उदाहरणे होत.

गुन्हेकथेत मानसिक आजार दीर्घकाळ गुन्हेगाराचे लक्षण म्हणून वापरला गेला. तो तपास करणाऱ्याच्या आयुष्याचा भाग झाल्यावर कथेतील मुख्य प्रश्नही बदलला. ‘गुन्हा कोणी केला?’ या प्रश्नासोबत ‘शोधणाऱ्याच्या म्हणण्यावर कोण विश्वास ठेवणार?’ हा दुसरा प्रश्न पुढे आला. मराठी रहस्यकथेची परंपरा मोठी असली तरी तिच्यातील लोकप्रिय नायक वेगळ्या घडणीचे आहेत. महाराष्ट्रात मानसिक आजाराचे गंभीर चित्रण प्रामुख्याने कौटुंबिक कादंबरी आणि समांतर धाटणीच्या चित्रपटांतून झाले आहे.

विकाराचे स्वरूप

द्विध्रुवी विकारात व्यक्तीची मनःस्थिती दोन टोकांकडे झुकते. एक टोक उन्मादाचे आणि दुसरे अवसादाचे असते. उन्मादाच्या काळात झोपेची गरज कमी होते, विचारांचा आणि बोलण्याचा वेग वाढतो, आत्मविश्वास अवास्तव होतो आणि परिणामांचा विचार न करता निर्णय घेतले जातात. तीव्र उन्मादात भ्रमही निर्माण होऊ शकतात. अवसादाच्या काळात उत्साह, एकाग्रता आणि जगण्यातील रस ओसरतो आणि आत्महत्येचे विचार येऊ शकतात. या दोन टोकांच्या दरम्यान व्यक्ती दीर्घकाळ स्थिर राहू शकते व नेहमीची कामे करू शकते. पहिल्या प्रकारच्या विकारात पूर्ण उन्मादाचा किमान एक झटका आलेला असतो. दुसऱ्या प्रकारात सौम्य उन्माद आणि अवसाद आढळतात. विकाराची सुरुवात बहुधा किशोरवयाच्या उत्तरार्धात किंवा विशीत होते. कारणांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

फ्रेंच वैद्य झां-पिएर फालरे यांनी १८५४ मध्ये या आजाराचे ‘चक्राकार वेड’ असे वर्णन केले. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये त्याला उन्माद-अवसाद विकार म्हणून स्किझोफ्रेनियासदृश आजारांपासून वेगळे केले. ‘बायपोलर’ ही संज्ञा १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत अधिकृतपणे आली. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो असे दाखवून दिले. आजही लिथियम हे या विकारावरील प्रमुख औषधांपैकी एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ४ कोटी लोक या विकारासह जगत होते.

पात्रप्रकाराची पार्श्वभूमी

आर्थर कॉनन डॉइल यांच्या शेरलॉक होम्सला १८८७ मधील पहिल्याच कादंबरीत दोन परस्परविरोधी अवस्थांत दाखवले आहे. काम असताना त्याच्या उत्साहाला सीमा नसते आणि काम नसताना तो दिवसेंदिवस कोचावर निश्चल पडून राहतो. त्यामुळे काही वाचकांनी व अभ्यासकांनी होम्सला द्विध्रुवी विकार असावा असा तर्क केला आहे. डॉइल यांनी मात्र कोठेही रोगनिदान दिलेले नाही. होम्सच्या या अवस्था त्याच्या प्रतिभेची लहर म्हणूनच कथांत येतात. मराठी वाचकांना होम्सची ओळख भालबा केळकर आदींच्या अनुवादांतून झाली.

होम्सपासून रुजलेल्या ‘लहरी पण प्रतिभावान गुप्तहेर’ या कल्पनेचा प्रभाव पुढील लेखकांवर राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही लेखकांनी लहरीपणाच्या जागी नेमके निदान, औषधे, रुग्णालय आणि नोकरी जाण्याची भीती आणली. या बदलामुळे हा पात्रप्रकार जुन्या कल्पनेपासून वेगळा झाला.

प्रमुख कलाकृती

बो ब्रॅडली

ॲबिगेल पॅजेट यांची ‘चाइल्ड ऑफ सायलेन्स’ ही कादंबरी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची नायिका बार्बरा जोन ऊर्फ बो ब्रॅडली ही कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे बालसंरक्षण विभागात तपासनीस आहे. बालकांवरील अत्याचारांच्या तक्रारींची चौकशी करणे हे तिचे काम आहे आणि तिला उन्माद-अवसाद विकार आहे. पॅजेट यांनी स्वतः याच क्षेत्रात न्यायालयीन तपासनीस म्हणून काम केले होते. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या हक्कांसाठीही त्या कार्यरत होत्या.

पहिल्या कादंबरीत एका पडक्या जागेत गादीला बांधून ठेवलेला चार वर्षांचा मुलगा सापडतो. तो बोलत नसल्यामुळे त्याला मतिमंद ठरवले जाते. बोची धाकटी बहीण कर्णबधिर होती. त्यामुळे मुलाची बुद्धी शाबूत आहे, त्याला केवळ ऐकू येत नाही, हे बोच्या ध्यानात येते. चुकीच्या शिक्क्याखाली दबलेल्या मुलाला ओळखणारी व्यक्तीही समाजाने शिक्का मारलेली आहे. कादंबरीचा गाभा या योजनेत आहे. बोचे हे निरीक्षण आजारातून आलेल्या एखाद्या अद्भुत शक्तीचे फळ नाही. ते तिच्या कौटुंबिक अनुभवातून आले आहे.

या मालिकेत पुढे ‘स्ट्रॉगर्ल’ (१९९४), ‘टर्टल बेबी’ (१९९५), ‘मूनबर्ड बॉय’ (१९९६) आणि ‘द डॉलमेकर्स डॉटर्स’ (१९९७) या कादंबऱ्या आल्या. लिथियम, झोप, ताण आणि स्वतःच्या मनःस्थितीवर ठेवावी लागणारी नजर हे या कादंबऱ्यांतील कायमचे विषय आहेत.

कॅरी मॅथिसन

‘होमलँड’ ही मालिका अमेरिकेतील शोटाइम वाहिनीवर २ ऑक्टोबर २०११ ते २६ एप्रिल २०२० या काळात आठ पर्वांत प्रसारित झाली. गिदोन राफ यांच्या ‘हतुफिम’ या इस्रायली मालिकेवरून हॉवर्ड गॉर्डन व ॲलेक्स गान्सा यांनी ती रचली. क्लेअर डेन्स यांनी कॅरी मॅथिसन या गुप्तवार्ता अधिकारी स्त्रीची भूमिका केली. या भूमिकेसाठी त्यांना २०१२ व २०१३ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. काटेकोरपणे पाहता ही हेरकथा आहे. तथापि, पहिल्या पर्वाची रचना गुन्हेतपासासारखी आहे.

कैदेतून आठ वर्षांनी सुटून आलेला निकोलस ब्रॉडी हा सैनिक शत्रूला सामील झाला असावा, असा कॅरीचा संशय असतो. आजार उघड झाल्यास नोकरी जाईल म्हणून ती तो लपवते आणि डॉक्टर असलेल्या बहिणीकडून गुपचूप औषधे घेते. तिच्या वडिलांनाही हाच विकार आहे. एका स्फोटात जखमी झाल्यावर औषधांत खंड पडतो आणि तिला उन्मादाचा झटका येतो. त्या अवस्थेत तिने विविध रंगांनी खुणा करून विखुरलेले कागद तिचे वरिष्ठ सॉल बेरेन्सन रात्रभर बसून कालक्रमाने भिंतीवर लावतात आणि त्यांतून शत्रूच्या हालचालींतील एक महत्त्वाचा आकृतिबंध दिसू लागतो. मात्र आजार उघड होताच कॅरीला सेवेतून दूर केले जाते.

पर्वाच्या अखेरीस ती ब्रॉडीच्या मुलीला भेटून वडिलांना फोन करण्याची विनवणी करते. त्यासाठी तिला अटक होते. मुलीच्या फोनमुळेच ब्रॉडी स्फोट घडवण्यापासून परावृत्त होतो, परंतु कॅरीला हे कळत नाही. आपण सर्वस्वी चुकलो आणि त्याला आजार कारणीभूत आहे, अशा समजुतीने ती विद्युत-उपचारास संमती देते. भूल चढत असतानाच तिला संशयाला पुष्टी देणारा दुवा आठवतो. तिचा निष्कर्ष बरोबर असतो आणि तिला खरोखरच उपचारांचीही गरज असते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे दाखवणारा शेवट म्हणून या प्रसंगाची विशेष चर्चा झाली.

जॉन कार्डिनल आणि कॅथरीन

कॅनडाचे लेखक जाइल्स ब्लंट यांच्या ‘फॉर्टी वर्ड्स फॉर सॉरो’ (२०००) या कादंबरीपासून सुरू झालेल्या मालिकेत तपास अधिकारी जॉन कार्डिनल यांची पत्नी कॅथरीन हिला द्विध्रुवी विकार आहे. येथे तपासनीस रुग्णाचा काळजीवाहक आहे. कॅथरीनचा मृत्यू ही आत्महत्या आहे असे सर्वजण गृहीत धरतात आणि एकटा कार्डिनल ते मानत नाही, असे मालिकेतील २००६ च्या कादंबरीचे कथानक आहे. रुग्णाच्या मृत्यूनंतरही निदान हेच त्याचे स्पष्टीकरण मानले जाते, या वास्तवावर ही कादंबरी उभी आहे. या पुस्तकांवर आधारित ‘कार्डिनल’ ही मालिका २०१७ ते २०२० या काळात प्रसारित झाली.

कथानकाची वैशिष्ट्ये

विश्वासार्हतेचा प्रश्न : विखुरलेल्या घटनांमधील संबंध ओळखणे हे तपासनिसाचे कौशल्य मानले जाते. उन्मादातही मन असंबद्ध गोष्टींमध्ये संबंध पाहू लागते. त्यामुळे नायकाला दिसलेला दुवा खरा पुरावा आहे की आजाराचे लक्षण, ही शंका सहकाऱ्यांना, वाचकाला आणि स्वतः नायकालाही सतावते. चांगल्या कथांमध्ये या शंकेचे निरसन बाह्य पुराव्याने होते.

गुप्तता : निदान उघड होण्याची भीती हा कथेतील दुसरा धोका असतो. प्रतिपक्षाला नायकाला मारण्याची गरज उरत नाही, कारण त्याच्या आजाराची बातमी योग्य ठिकाणी पोहोचवली तरी त्याची साक्ष निकामी होते.

औषधाची कोंडी : औषधांमुळे बुद्धीची धार कमी होते या समजुतीने नायक ती सोडतो आणि त्यानंतरच त्याला उकल सापडते, असा प्रसंग या कथांत वारंवार येतो. ‘होमलँड’च्या पाचव्या पर्वात कॅरी हेतुपुरस्सर औषधे थांबवते. या कथायुक्तीवर सर्वाधिक टीका झाली आहे.

आनुवंशिकता : वडील, आई किंवा भावंडाला असलेला आजार नायकाच्या मनात भविष्याविषयीचे भय निर्माण करतो. बो आणि कॅरी या दोघींच्याही कथांत कुटुंबाचा इतिहास तपासाशी गुंफलेला आहे.

महाराष्ट्रातील व भारतीय संदर्भ

मराठी रहस्यकथा

मराठीत रहस्यकथेला घराघरांत पोहोचवण्याचे श्रेय बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांना दिले जाते. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड आणि धनंजय हे त्यांचे नायक विशेष लोकप्रिय झाले. गुरुनाथ नाईक यांचा कॅप्टन दीप, तसेच सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि बॅरिस्टर अमर विश्वास हे नायकही त्याच लोकप्रिय परंपरेतील होत. धैर्य, चपळाई, हजरजबाबीपणा आणि अविचल मन हे या नायकांचे गुण आहेत. संकटातही ज्याचा तोल ढळत नाही असा नायक वाचकाला हवा होता. दर महिन्याला नवी पुस्तके मागणाऱ्या वाचनालयांच्या काळात नायकाच्या अंतर्मनापेक्षा कथानकाच्या वेगाला महत्त्व मिळणे स्वाभाविक होते.

रामन राघव प्रकरण

मुंबईच्या गुन्हेविषयक लोकस्मृतीत मानसिक आजाराची प्रतिमा घडवणारे मोठे प्रकरण रामन राघव याचे होय. १९६० च्या दशकात मुंबईच्या उपनगरांत पदपथावर व झोपड्यांत झोपलेल्या लोकांच्या हत्यांप्रकरणी त्याला १९६८ मध्ये अटक झाली. या तपासाचे नेतृत्व रमाकांत कुलकर्णी यांनी केले. सत्र न्यायालयाने राघवला फाशीची शिक्षा सुनावली. पुढे मनोविकारतज्ज्ञांच्या तपासणीत त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचे आढळले आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

स्किझोफ्रेनिया आणि द्विध्रुवी विकार हे भिन्न आजार आहेत. लोकप्रिय गुन्हेकथेत मात्र दोहोंना ‘वेडा खुनी’ या एकाच साच्यात बसवले गेले. अनुराग कश्यप यांच्या ‘रमन राघव २.०’ (२०१६) या हिंदी चित्रपटात खुन्यासोबत तपास अधिकारीही मनाने ढासळलेला आणि व्यसनाधीन दाखवला आहे. रीमा कागती यांच्या ‘तलाश’ (२०१२) मध्ये मुंबईतील पोलीस निरीक्षक मुलाच्या मृत्यूच्या दुःखामुळे निद्रानाशाने ग्रासलेला आहे. या दोन्ही चित्रपटांत तपासनिसाचे मन कथेच्या केंद्रस्थानी आले, तरी त्यांचा विषय द्विध्रुवी विकार नाही.

‘एम अँड द बिग हूम’

द्विध्रुवी विकाराचे भारतीय साहित्यातील एक महत्त्वाचे चित्रण जेरी पिंटो यांच्या ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) या इंग्रजी कादंबरीत आहे. शांता गोखले यांनी ‘एम आणि हूमराव’ या नावाने तिचा मराठी अनुवाद केला आहे. या कादंबरीसाठी पिंटो यांना २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुंबईत माहीमच्या एका छोट्या घरात राहणाऱ्या गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबाची ही कथा आहे. आईला द्विध्रुवी विकार आहे. निवेदक असलेला मुलगा आईची जुनी पत्रे, रोजनिशीतील नोंदी आणि तिच्याशी झालेले संवाद यांतून तिचे पूर्वायुष्य जुळवत जातो. ही गुन्हेकथा नाही, परंतु पुरावे गोळा करून एका माणसाचा शोध घेण्याची तिची पद्धत तपासकथेच्या जवळची आहे. या शोधात आई ही केवळ रुग्ण राहत नाही. तिचा विनोद, राग आणि प्रेम यांनाही आजाराइतकेच स्थान मिळते.

मराठी चित्रपट

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या शेष या तरुणाची भूमिका केली. याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘कासव’ या नैराश्यावरील चित्रपटाला ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. दोन्ही चित्रपटांनी आजारी व्यक्तीकडे भयाऐवजी आस्थेने पाहण्याची दृष्टी दिली.

कायदा आणि वास्तव

कथेतील तपासनिसाला वाटणारी नोकरी जाण्याची भीती वास्तवातही आढळते. भारतात या संदर्भात दोन कायदे महत्त्वाचे आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मानसिक आजाराचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला कमी करता येणार नाही किंवा त्याची पदावनती करता येणार नाही, अशी तरतूद त्याच्या कलम २० मध्ये आहे. मात्र विशिष्ट आस्थापनांना यातून सूट देण्याचा अधिकार शासनाला आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो विकल मनाचा ठरत नाही, तसे सक्षम न्यायालयाने घोषित करावे लागते, असे या कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटले आहे. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता विद्युत-उपचार करण्यास हा कायदा मनाई करतो.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. या अधिकाऱ्याला मानसिक आजार होता आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू होती. मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवर तिच्या आजाराशी संबंधित वर्तनासाठी अशी कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. विद्यमान कामासाठी अपात्र ठरल्यास वेतन व सेवाशर्तींना धक्का न लावता त्याला पर्यायी पद द्यावे आणि ते पद शस्त्रांशी संबंधित नसेल याची दक्षता प्रशासन घेऊ शकते, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. कथेत नायकासमोर आजार लपवणे किंवा नोकरी गमावणे असे दोनच मार्ग असतात. या निर्णयाने तिसरा मार्ग दाखवला.

उपचार आणि कथेतील अतिशयोक्ती

औषध सोडल्यावर प्रतिभा उजळते हा कथांतील समज वैद्यकीय अनुभवाशी जुळत नाही. लिथियम अचानक बंद केल्यास उन्माद उलटण्याचा धोका वाढतो. उलट, लिथियमच्या नियमित उपचाराने आत्महत्येचा धोका कमी होतो. औषधाचे दुष्परिणाम मात्र खरे असतात. हात कापणे, तहान वाढणे आणि वजन वाढणे अशा तक्रारी आढळतात. त्यामुळे औषध नको वाटणे समजण्यासारखे असले तरी त्यावरील उपाय म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा किंवा औषध बदलणे हा होय.

लिथियमची उपयुक्त आणि घातक पातळी यांत अंतर थोडे असते. दीर्घकालीन उपचारात रक्तातील पातळी सामान्यतः प्रतिलिटर ०.६ ते १.० मिलिमोल राखली जाते. तसेच मूत्रपिंड व थायरॉइड यांची तपासणी वेळोवेळी करावी लागते. घाम, जुलाब किंवा उलट्यांमुळे शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्यास ही पातळी वाढू शकते. वर्धा जिल्ह्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात शेतावर काम करणाऱ्या रुग्णासाठी ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. कथांमध्ये रक्ततपासणीच्या रांगा क्वचितच दिसतात, परंतु रुग्णाचे स्थैर्य बऱ्याच अंशी त्यांच्यावरच अवलंबून असते.

महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांतही मानसोपचार विभाग असतात. सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व तिचे कस्तुरबा रुग्णालय हे ग्रामीण विदर्भातील असे एक केंद्र आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

समीक्षा

या पात्रप्रकाराच्या समर्थकांच्या मते त्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कथेच्या मध्यभागी आणि न्यायाच्या बाजूला उभे केले. आजारी माणूस काम करू शकतो, जबाबदारी घेऊ शकतो आणि बरोबरही असू शकतो, हे प्रेक्षकाने थराराच्या ओघात स्वीकारले. कॅरी मॅथिसनच्या भूमिकेतील उन्मादाच्या चित्रणाची तपशिलासाठी प्रशंसा झाली.

टीका मुख्यतः तीन मुद्द्यांवर होते. पहिला मुद्दा असा की, आजाराला अलौकिक देणगी ठरवल्याने औषधोपचार हा प्रतिभेचा शत्रू वाटू लागतो. दुसरा मुद्दा वैद्यकीय तपशिलाचा आहे. ‘होमलँड’च्या आरंभी कॅरी घेत असलेले क्लोझापिन हे औषध प्रामुख्याने इतर उपचारांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियासाठी वापरले जाते. तिसरा मुद्दा असा की, कथेला नाट्य हवे असल्याने झटक्यांचे प्रसंग वारंवार येतात आणि झटक्यांमधील स्थैर्याची वर्षे पडद्याआड राहतात. प्रत्यक्षात अनेक रुग्णांच्या आयुष्याचा मोठा भाग याच वर्षांनी बनलेला असतो.

हेसुद्धा पाहा

द्विध्रुवी विकार
रहस्यकथा
बाबूराव अर्नाळकर
होमलँड (दूरचित्रवाणी मालिका)
देवराई (चित्रपट)
मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७
महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, सेवाग्राम